सायकलीला म्हशीची घंटा

साल २००६. फेब्रुवारी सरत आला होता, टेकडीवरचा पांगारा लाल झाला होता आणि पायथ्याच्या फाटकावर ‘सायकलींना सक्त मनाई’ अशी नवी पाटी लागली होती. त्या सकाळी मी नळावर माझा कॅन भरत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “काकू, तुमचं झालं की मी भरू का?”

वळून बघते तर ढाण्यांची सुगंधा. तिचे वडील आमच्या आळीला दूध घालायचे. ही सातवीआठवीत असल्यापासून दोन्ही बाजूंना किटल्या लावलेली सायकल मारत दारोदार दूध पोचवायची. पुढे सायकलीच्या शर्यतींत पडली, बक्षिसं आणायला लागली, आणि पुण्याहून जाड टायरची गियरची जुनी सायकल घेऊन आली. तिच्यामागे आणखी पाचसहा जण टेकडीवर सायकली घालायला लागले. थोडक्यात, ती पाटी हिच्यासाठीच होती.

“तू चालत?” मी विचारलं.

“सायकलीला मनाई आहे काकू. मला नाही ना?” तिने हातातला रिकामा कॅन नळाखाली धरला. “आणि रिकाम्या हातानं वर जायचं नसतं, ते ठाऊक आहे मला.”

हे आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, ना धड शहर ना धड खेडं. पश्चिमेला जानाईची टेकडी. नगरपालिकेने तिचं उद्यान केलं म्हणजे पायथ्याला फाटक, नळ आणि चार बाकडी टाकली. बाकी टेकडी आम्ही केली. आम्ही म्हणजे सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी. आमचा नियम एकच, वर कुणी मोकळ्या हाताने चढायचं नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन नळावर भरायचा, वर न्यायचा, आपापल्या झाडाला घालायचा आणि मग कट्ट्यावर बसून चहा. एकदा नवे तहसीलदार हात हलवत वर आले, तर “साहेब, पाणी विसरलात वाटतं” म्हणून सुभेदारांनी त्यांना अर्ध्या वाटेतून खाली धाडलं होतं.

सुभेदार म्हणजे जयसिंगराव निकम, लष्करातून निवृत्त झालेले, आमच्या टेकडी मंडळाचे अध्यक्ष. मी चिटणीस होते, पण ठराव लिहायचा तो सुभेदार बोलतील तसा. आणि मंडळाचं भूषण म्हणावं तर ते अण्णा करंबेळकर. अण्णांनी सारी नोकरी तारखात्यात काढलेली. यंत्राच्या कटकटीतून मजकूर ऐकायचा आणि हाताने लिहून काढायचा, असं त्यांचं काम. त्या कानांनीच त्यांना पुढे पाखरांचा नाद लावला. ते चालता चालता थांबायचे, हात वर करायचे, सगळे गप्प व्हायचे. मग अण्णा म्हणायचे, “तांबट.” आणि खरोखरच लांब कुठेतरी तांबटाची टुकटुक चाललेली असायची. शाळांच्या सहली यायच्या त्या अण्णांचं ऐकायला. पांगारा लावलेला त्यांनीच, पाखरांसाठी. झाड आता पाण्याला मिंधं राहिलं नव्हतं, तरी रोज एक कॅन त्याचा ठरलेला.

तर अशा या अण्णांचं मनगट त्याच फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोडलं. वरून उतरताना करवंदीच्या जाळीपाशी वाट काटकोनात वळते. तिथे मागून मुमताजची सायकल आली. मुमताज म्हणजे बाजारपेठेतल्या मुल्ला टेलरची मुलगी, सुगंधाच्याच चमूतली, कॉलेजात जाणारी. अण्णा दचकून बाजूला झाले ते थेट करवंदीत पडले. पोरगी सायकल टाकून धावली. ओढणीची झोळी करून तिने त्यांचा हात गळ्यात बांधला आणि त्यांना धरून फाटकापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन अण्णांच्या घरी गेली. मीही होते तिथे. मुल्ला टेलर डाळिंबं घेऊन आले होते आणि पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

मुमताज म्हणाली, “चूक झाली आजोबा. पण मी घंटी वाजवली होती. दोनदा.”

अण्णा ताठ झाले. “नाही वाजवलीस. आयुष्य मी तारेच्या कटकटीवर काढलं, मुली. या कानांना शिकवतेस?”

मुल्ला टेलरांनी मान खाली घातली. अण्णांच्या कानांवर शंका घेणं म्हणजे आमच्या गावात देवळाच्या घड्याळावर शंका घेण्यासारखं होतं. गोष्ट गावभर झाली, आणि ‘टेलरची पोरगी घंटी न वाजवता आली, वर खोटं बोलली’ अशी झाली. सुभेदार नगरपालिकेत गेले नि आठवड्यात पाटी लागली.

इतरांचं फारसं अडलं नाही, ते हमरस्त्यावर जायला लागले. सुगंधाला नोव्हेंबरच्या राष्ट्रीय निवडीची तयारी करायची होती, तिला मातीची चढउताराची वाट हवी होती, पण तीही कुठेतरी दूर जाऊ शकली असती. अडलं ते मुमताजचं. हमरस्त्यावर ट्रक, साखर कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर. मुल्ला टेलरांनी लेकीला सायकल दिली होती ती टेकडीपुरती, कारण टेकडीवर ओळखीची चार वडीलधारी माणसं असायची. आता त्याच माणसांनी तिला खोटी ठरवलं होतं. सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत गेली.

सुगंधा भांडायला आली असती तर सुभेदारांना सोपं गेलं असतं. ती भांडलीच नाही. रोज सकाळी यायची, कॅन भरायची. तिसऱ्याच दिवशी तिने अण्णांचाही कॅन उचलला. अण्णा नको नको म्हणत होते, तर म्हणाली, “अण्णा, किटल्या वाहून वाहून माझे हात लांब झालेत. एका कॅननं मी वाकडी चालते.” तेव्हापासून ती दोन कॅन घेऊन अण्णांच्या बरोबरीने चढायची. वर पांगाऱ्याला पाणी घालायची, कट्ट्यावर आमच्यात बसून थर्मासमधला घोटभर चहा घ्यायची आणि उठताना एकदाच विचारायची, “काका, सायकलीचं काय ठरलं?”

“अजून काही नाही,” सुभेदार म्हणायचे.

“बरं.” आणि खाली निघून जायची.

रोज हेच. हट्ट नाही, तोंड वाकडं नाही. सुभेदार एकदा चिडून म्हणाले की वाट चालणाऱ्यांसाठी आहे. ती म्हणाली, “आम्हीही पायानंच चालवतो काका.” त्यावर सगळ्यांत आधी हसले ते अण्णाच. हळूहळू असं झालं की ती उठली की आमचं बोलणं आपोआप थांबायचं. एके दिवशी तिला यायला उशीर झाला तर सुभेदार दोनदा कट्ट्यावरून उठून वाटेकडे बघून आले. विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे करतोय.

अण्णांचं आणि तिचं मेतकूट जमलं. ती त्यांना पाखरं विचारायची. मला तिची एक लकब लक्षात राहिली होती. ती अण्णांच्या कोपराला हलकंच हात लावायची, फांदीकडे बोट दाखवायची आणि मग विचारायची, “अण्णा, हा कोणता?” अण्णा बघायचे, म्हणायचे, “शिंजीर. आधी वेड्यासारखा ओरडतो, मग मध पितो.” मला वाटायचं, गवळ्याची पोर, गुरंढोरं बोटाने दाखवायची सवय असेल.

महिना असा गेल्यावर सुभेदारांनीच एका रविवारी कट्ट्यावर बैठक लावली. एकदाचा सोक्षमोक्ष लावू, म्हणाले. मंडळाची झाडून सगळी माणसं आली. सुगंधा पुढे उभी राहिली. तिने जे सांगितलं ते मला पाठ आहे, कारण मीच लिहून घेतलं होतं. चालणारे उतरून गेल्यावरच सायकली वर येतील. करवंदीच्या वळणावर प्रत्येक जण उतरून सायकल हाताने नेईल. खाली जायचं ते मागच्या अंगाने, जिकडे चालणारे जात नाहीत. आणि तिकडची रोपं दर उन्हाळ्यात वाळून मरतात, तिथे पाणी आम्ही पोचवू. सायकलीला दोन किटल्या बसतात हे मी काही नव्याने सांगायला नको, म्हणाली. पण लगेच पुढे म्हणाली की हे पाणी वाटेचं भाडं म्हणून नाही. “टेकडी गावाची आहे. ती तुमची जेवढी, तेवढी आमची. पाणी घालायचं ते टेकडीवर येणारे सगळेच घालतात म्हणून.”

सुभेदारांची मान किंचित हलली. त्यांना हे आवडलं होतं, मी त्यांना ओळखत होते.

मग तिने पिशवीत हात घातला. “आणि एक. सायकलींना आम्ही ही बांधू.”

म्हशीच्या गळ्यातली लोखंडी घंटा होती ती. चामड्याच्या पट्ट्यासकट. पट्ट्याला गोठ्याचा वास होता. तिने ती हलवली तसा ‘ठडंग, ठडंग’ असा भसाडा, जाड आवाज टेकडीभर गेला. अण्णांनी एकदम मान वर केली.

बाकी आम्ही सगळे हसलो. मागून कुणीतरी विचारलं, “आणि दूध किती देते म्हणायची सायकल?”

“चाऱ्यावर आहे काका,” सुगंधा म्हणाली. तीही हसत होती.

सुभेदार हसले नाहीत. “बैठकीची थट्टा लावलीस?”

“नाही काका. म्हैस रानात हरवली की हिच्यावरच सापडते. फार लांबून येतो आवाज.”

“अगं, सायकलीला घंटी आधीपासून आहे. ती वाजवायची दानत पाहिजे. त्या पोरीनं वाजवली नाही.”

“वाजवली होती.”

“म्हणजे अण्णा खोटं बोलतात?”

“नाही.”

“मग ती पोरगी खोटं बोलते?”

“नाही.”

“दोन्ही कसं असेल?” सुभेदार उभे राहिले. लष्करी माणूस, त्यांना लगेच तोडगा सुचला. “प्रात्यक्षिक घेऊ. आत्ताच्या आत्ता. अण्णा करवंदीच्या वळणावर पाठ करून उभे राहतील, जसे त्या दिवशी होते. तीच सायकल आणायची, तीच घंटी. पोरगी मागून येऊन वाजवेल. आपण सगळे बाजूला उभे. अण्णांना ऐकू आली तर त्या दिवशी वाजवलीच नव्हती, विषय संपला. नाही आली तर पाटी मी स्वतः काढतो. निकमाचा शब्द आहे.”

सगळ्यांना हे पटलं. माणसं उठायलाही लागली. दोघीतिघी म्हणाल्या की यापेक्षा सरळ न्याय कुठला. मुमताजला खरी ठरवायची, वाट मोकळी करायची, सगळं एका घंटीवर आलं होतं. मी सुगंधाकडे बघितलं. मला वाटलं ती उडी मारेल.

तिची नजर अण्णांकडे होती. अण्णा प्लॅस्टरच्या हाताची झोळी सारखी करत होते. ती सारखीच होती.

“प्रात्यक्षिक नको,” सुगंधा म्हणाली.

“का?”

“नको काका.”

“भीती वाटते?”

तिने घंटेचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी पुटपुटलं की पाणी मुरतंय ते बघा. सुभेदारांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, “हे बघ, तुझ्यावर राग नाही. स्पर्धा आहे तुझी, गावाचं नाव होईल. तुझ्या एकटीपुरतं फाटक उघडतो. बाकीच्यांना नाही.”

तिला जे हवं होतं ते ताटात वाढून पुढे आलं होतं.

“एकटीला नको,” ती म्हणाली. “मी त्या फाटकातून सायकल आत घातली की मुमताज खोटी ठरते.”

“मग बस तशीच.”

“बरं,” ती म्हणाली. वाजू नये म्हणून घंटेत रुमाल कोंबला आणि पिशवीत ठेवली.

उतरताना मी तिला गाठलं. म्हटलं, “अगं, मुमताजने खरंच वाजवली असती तर आज सिद्ध झालं असतं. हातचं घालवलंस.”

“वाजवलीच होती काकू. मी तिच्या मागेच होते.”

“मग?”

“ऊन चढलं. चला,” ती म्हणाली आणि माझा रिकामा कॅन हातातून घेतला.

दुपारी मी मुद्दाम मुल्ला टेलरांच्या दुकानात गेले. ब्लाउज आणायचं निमित्त. बैठकीची बातमी तिथे माझ्या आधी पोचलेली. मुमताज कोपऱ्यात काजं करत बसली होती. मागच्या खोलीत सायकल दिसत होती, तिच्या दांडीवर कापलेली कापडं वाळत घातल्यासारखी टाकली होती.

“काकू, ताईनं नको म्हटलं, खरं का?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

“पाच मिनिटांचं काम होतं. एवढंसुद्धा केलं नाही माझ्यासाठी.” तिचे डोळे भरले. मुल्ला टेलर मशीनवरून मान न उचलता म्हणाले, “जाऊ दे बेटा. मोठ्यांपुढं काय चालतंय आपलं.” मला तिथे बसवेना. ब्लाउजच्या बाह्या न बघताच मी उठले.

दुसऱ्या दिवशी सुगंधा येणार नाही हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी नळावर पोचले तर ती दोन कॅन भरून उभी. अण्णा आले. काल रात्री झोपले नसावेत असा चेहरा. ती म्हणाली, “चला अण्णा.”

वर तिने पांगाऱ्याला पाणी घातलं. चहा घेतला. उठली. आम्ही सवयीने गप्प झालो. तिने नुसतेच कॅन उचलले. शेवटी सुभेदारच म्हणाले, “आज विचारलं नाहीस?”

“उत्तर मिळालं ना काका,” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तेवढ्यात पांगाऱ्यावर शिंजीर आला. बारीक, सुईच्या टोकासारखा त्याचा आवाज. सुगंधाला महिनाभराची सवय, तिने अण्णांच्या कोपराला हात लावला, फांदीकडे बोट केलं आणि विचारलं, “अण्णा, हा कोणता?”

अण्णांनी पाखराकडे बघितलं. मग तिच्या बोटाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

“बोट खाली घे,” ते म्हणाले.

तिने बोट खाली घेतलं. तिचा चेहरा पडला. अण्णांनी डोळे मिटले.

“आता ओरडतोय का गं तो?”

“हो अण्णा.”

“सुभेदार, तुम्हाला ऐकू येतोय?”

“येतोय की,” सुभेदार म्हणाले. “डोक्यावर तर बसलाय.”

अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, “मला येत नाही.”

चहाचा पेला कुणाच्या तरी हातात कलंडला.

“भारद्वाज येतो,” अण्णा म्हणाले. “तांबट येतो. तुमची शिवी येते. शिंजीर गेला, दोन वर्षं झाली. चष्मेवाला गेला. जे जे बारीक होतं ते सगळं गेलं. मी झाड बघून, महिना बघून नावं सांगतो. ही पोर पहिल्याच आठवड्यात ओळखून बसली. तेव्हापासून आधी बोट दाखवते, मग विचारते. महिनाभर मला सांभाळते आहे. काल तुम्ही प्रात्यक्षिक म्हणालात, तेव्हा ती जिंकलेलीच होती, सुभेदार. मला चारचौघांत उघडं पाडलं असतं की झालं.” त्यांनी डोळे उघडले. “सायकलीची घंटी शिंजिराच्या जातीची. त्या मुलीने वाजवली असणार. दोनदा म्हणाली ना, तर दोनदाच.”

आता मला बोटाचा अर्थ कळला. म्हशीच्या घंटेचाही कळला. म्हाताऱ्याच्या कानांत शिरेल असा आवाज ती गोठ्यातून शोधून घेऊन आली होती, कुणाला काही न सांगता, आणि आम्ही ती किती दूध देते ते विचारत होतो.

सुगंधा खाली मान घालून उभी होती, जणू तिलाच पकडलं होतं. “मला पक्कं ठाऊक नव्हतं अण्णा. नुसती शंका होती,” ती म्हणाली.

“खोटं बोलायला तुला जमत नाही. त्यात पडू नकोस,” अण्णा म्हणाले.

सुभेदार उठले, शर्ट खाली ओढून सरळ केला. म्हणाले, “चला. पाटी काढायची आहे.”

“पाटी नंतर,” अण्णा म्हणाले. “आधी टेलरकडे.”

मग आमची वरात निघाली. पुढे प्लॅस्टरमधला हात घेऊन अण्णा, मागे सुभेदार, मागे रिकामे कॅन हातात धरलेली आम्ही सगळी. बाजारपेठेतली माणसं दुकानं उघडता उघडता बघत राहिली. मुल्ला टेलर एवढी माणसं दारात बघून घाबरले, खुर्च्या शोधायला लागले. अण्णा बसले नाहीत. मुमताज काजं करायची सुई हातात तशीच धरून उभी राहिली.

“तू घंटी वाजवली होतीस,” अण्णा रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “मला ऐकू येत नाही, म्हणून मला ऐकू आली नाही. खोटी तू नव्हतीस.”

मुमताजने वडिलांकडे बघितलं. मुल्ला टेलरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पोऱ्याला न सांगता स्वतःच चहा सांगायला बाहेर गेले. मग ती सुगंधाकडे वळली.

“तुला माहीत होतं?”

सुगंधाने मान हलवली.

“मग मला तरी सांगायचंस की ताई.”

“सांगितलं असतं, तर तू गप्प बसली असतीस?”

मुमताजने प्रामाणिकपणे विचार केला. “न्हाई,” ती म्हणाली. आणि पहिल्यांदा सुभेदार मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक झालंच, पण अण्णांनी स्वतः मागून घेतलेलं. करवंदीच्या वळणावर ते पाठ करून उभे राहिले. लांबवर वरून मुमताजची सायकल सुटली, दांडीला म्हशीची घंटा. ती अजून वळणाच्या कितीतरी अलीकडे होती तोच अण्णांनी हात वर केला, पूर्वी तांबटासाठी करायचे तसा. आम्ही सगळे गप्प झालो.

“आली,” अण्णा म्हणाले. “ही तांबटाच्या जातीची.”

सुभेदारांनी ती पाटी फेकली नाही. उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं की सायकलींनी घंटा बांधावी, चालणाऱ्यांनी एका कडेने चालावं आणि कुणीही रिकाम्या हाताने येऊ नये. पुढे गुडघे गेल्यावर ते पुण्याला मुलाकडे राहिले आणि तिथेच वारले. शेवटपर्यंत फोनवर पहिला प्रश्न मागच्या उतारावरच्या रोपांचा असायचा. ती रोपं जगली. त्या उन्हाळ्यात सायकलींवरून किटल्याच्या किटल्या पाणी गेलं. आता तिकडे दुपारीसुद्धा सावली असते.

अण्णांनी कानात यंत्र बसवून घेतलं. शिंजीर परत आला, पण पत्र्याच्या डब्यातून ओरडतो, असं म्हणायचे. पांगारा फुलला की यंत्र काढून खिशात ठेवायचे आणि सुगंधाला म्हणायचे, “तू बोट दाखव. तेच बरं वाटतं.” सातएक वर्षांनी ते गेले. त्यांच्या कॅनची पाळी आम्ही आपसांत वाटून घेतली.

सुगंधाची त्या नोव्हेंबरात निवड झाली नाही. साखळी तुटली, मग सायकल खांद्यावर घेऊन शेवटची चढण पळत आली, सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या वर्षी झाली. पुढे चारपाच वर्षं खेळली, आता कोल्हापुरात मुलींना शिकवते. तिच्या मुली कुठेही शर्यतीला गेल्या की लोक विचारतात म्हणे, या पोरींच्या सायकलींना म्हशीच्या घंटा का? ती सांगत नाही. म्हणते, आमच्याकडची रीत आहे.

मुमताजने वडिलांच्या निम्म्या दुकानात सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. आता सगळं दुकान सायकलींचं आहे, फक्त एक शिलाई मशीन कोपऱ्यात ठेवलंय. किटल्या अडकवायच्या जाड कापडाच्या पिशव्या मुल्ला टेलरांनी हात थरथरायला लागेपर्यंत शिवल्या.

मी ऐंशीला टेकले आहे. वर चढणं होत नाही. सकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसते. वाटेवरून घंटांचा आवाज येतो आणि मला कळतं की आता पोरं करवंदीच्या वळणावर आली, आता उतरली, आता हाताने सायकली नेताहेत.

परवा मुमताज दुकान उघडायला जाता जाता माझ्याजवळ टेकली. नळाशेजारच्या पांगाऱ्यावर, अण्णांच्याच झाडाची फांदी लावून केलेला तो, काहीतरी हललं. तिने माझ्या कोपराला हलकंच हात लावला, फांदीकडे बोट केलं आणि मग विचारलं, “काकू, हा कोणता?”

मी तिच्या बोटाकडे बघितलं. मग फांदीकडे बघितलं.

“शिंजीर,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली, आणि तो उडून जाईपर्यंत तिने बोट खाली घेतलं नाही.